मोजणीदाराचा पहिला खोटा आकडा

सज्जनहो, भक्तांचे प्रकार पुष्कळ आहेत. कोणी मूर्तीपुढे डोळे मिटतो, कोणी ग्रंथापुढे मान लववतो, कोणी साहेबापुढे दोन्ही करतो. पण जो काटेरी माळापुढे गुडघे टेकतो, आणि टेकलेल्या गुडघ्यांनिशीच खिशातून फीत काढून तो माळ मोजू लागतो, असा भक्त विरळा. आजची कथा त्याची.

तो भूमापन कचेरीत मोजणीदार होता. तिसरा मजला, जिन्याला लागून दुसरे टेबल. टेबलाला तीन खण आणि त्यांतला मधला त्याच्या नेमणुकीच्या आधीपासून अडकलेला. कमरेला तीस मीटरची फीत, कानावर पेन्सिल. दोन शेजारी हद्दीवरून हमरीतुमरीवर यावेत, याला बोलावणे जावे, याने एकदा मोजावे, दुसऱ्यांदा मोजावे, आणि तिसऱ्यांदा मोजायला हा वाकेपर्यंत दोघे शेजारी कंटाळून एकमेकांचे जिवलग मित्र व्हावेत, असा त्याचा कारभार. कचेरीत त्याला ‘सेंटिमीटर’ म्हणत. पाठीमागे नव्हे, चांगले तोंडावर. त्याला त्यात अपमान वाटत नसे. मिलिमीटर का म्हणत नाहीत, एवढीच काय ती खंत.

असा माणूस लेखक झाला कसा? गावाच्या कडेला कालवा होता आणि कालव्यापलीकडे माळ. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी साहेबांनी त्याला तो माळ मोजायला धाडले. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचे तेही आधीच सांगून ठेवले: ‘पडीक, निरुपयोगी.’ हा गेला, फीत पसरली, पाऊल उचलले, आणि एका टिटवीने आकाश डोक्यावर घेतले. ती ओरडली, तिने घिरट्या घातल्या, पंख मोडल्याचे सोंग केले, याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हा खाली पाहतो तो बुटाच्या टोकापुढे चार अंडी! ना घरटे, ना गवताची काडी. दगडांत दगड होऊन पडलेली चार चिमुकली घरे. दुसरा कोणी असता तर त्याने हात जोडले असते. याने फीत लावली. बुटापासून पहिले अंडे नऊ सेंटिमीटर.

नऊ सेंटिमीटर! तेवढ्या अंतराने आपण चार जिवांचे मारेकरी व्हायचे वाचलो, या विचाराने तो मटकन खाली बसला आणि ऊन वर येईपर्यंत उठला नाही. संध्याकाळी कचेरीत येऊन त्याने शेऱ्याच्या रकान्यात हुकमाप्रमाणे ‘पडीक, निरुपयोगी’ लिहिले. घरी जाऊन मात्र त्याच टिटवीवर सोळा पानांची कथा लिहिली. दिवसा सरकारचे लिहावे, सकाळी माळाचे पाहावे, आणि रविवारी दोहोंमधले भांडण कागदावर उतरवावे, असा क्रम त्या दिवसापासून चोवीस वर्षे चालला.

घरात फिती दोन होत्या. एक त्याची, तीस मीटरची; दुसरी त्याच्या बायकोची, साठ इंचांची. ती पुढच्या खोलीत बायकांचे कपडे शिवी. खिडकीपाशी यंत्र, भिंतीला खिळ्यांवर अर्धे शिवलेले कपडे, आणि तोंडात सदैव चार टाचण्या, त्यामुळे बोलणे थोडे आणि टोकदार. नवरा माळावरून आला की विजार उलटी करून ती त्यातली कुसळे सुईने वेची आणि वेचता वेचता त्याने लिहिलेले ऐके. त्याची पहिली वाचक तीच, आणि बराच काळ शेवटचीही.

कारण मासिकांकडून कथा परत येत. ‘साभार परत.’ म्हणजे आभार मानून दाराबाहेर काढणे. साहित्याच्या राज्यात हाकलण्यालाही शिष्टाचार असतो. अकरा वर्षांत छत्तीस कथा गेल्या आणि छत्तीस आल्या. एका संपादकाने तेवढी आपल्या हाताने टीप जोडली होती: ‘आपली नायिका नायकाकडे साडेअठरा मीटर चालत जाते. प्रेमात पडलेली माणसे मीटर मोजत नाहीत.’

“पण ती साडेअठराच मीटर चालली!” तो बायकोला म्हणाला. “मी स्वतः चालून बघितलंय. वडापासून विहिरीपर्यंत.”

“नायिका खरी आहे का?”

“नाही.”

“वड?”

“वड आहे. विहीरही आहे.”

“मग वडाचं आणि विहिरीचं लग्न लावा. नायिकेला सोडा बिचारीला.”

बाराव्या वर्षी मात्र भाग्य उजळले. पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या वार्षिकांकात त्याची कथा छापून आली. जागा अपुरी पडल्याने छापखान्याने शेवटचा परिच्छेद गाळला होता, आणि त्या जागी, काही फट न ठेवता, निवृत्त सभासदांसाठी सूचना आली होती. त्यामुळे कथेतला म्हातारा मोर डोळे मिटतो, आणि पुढच्याच ओळीला ‘सोबतचा अर्ज तीन प्रतींत भरून कार्यालयात समक्ष आणून द्यावा’ असा शेवट झाला. एका प्राध्यापकाने पत्र पाठवून त्या शेवटाची फार स्तुती केली. मृत्यूचे इतके निर्विकार दर्शन आपण आधुनिक कथेत पाहिले नव्हते, असे त्याने कळवले. मोजणीदाराने ते पत्र चौकटीत बसवले नाही; पण फाडलेही नाही.

त्या जोरावर त्याने कादंबरी लिहिली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माळ! एक धनगर, एक त्याची घर सोडून आलेली बहीण, आणि त्या दोघांपेक्षा जास्त पाने व्यापून बसलेली एक खोकड. खोकड म्हणजे कोल्ह्याची धाकटी जात. अंगाने मांजराहून थोडी मोठी, कान मोठे, शेपटीचे टोक काळे. त्या कादंबरीचे बाड त्याने शहरातल्या जुन्या प्रकाशकांकडे नेऊन दिले, आणि तीन वर्षे वाट पाहिली.

मेहुणा दर महिन्याला येई. येई तो बहिणीला भेटायला, आणि कान पिळी दाजींचे. “काय दाजी, पुस्तक कुठवर आलं?”

“वाचतायत.”

“तीन वर्षं वाचतायत? मग काय, एक-एक अक्षर लावून वाचतायत वाटतं. शाळेत घाला त्यांना!”

चौथ्या वर्षी बोलावणे आले. आता प्रकाशकमहाराजांचे दर्शन कसे घडले ते ऐका. दोन जिने चढायचे, पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधल्या बोळातून अंग चोरून आडवे जायचे, परत आलेल्या प्रतींवर झोपलेल्या मांजरीला न जागवता वळायचे, की गाभाऱ्यात महाराज. देह भव्य, गुडघे दुखरे, चष्मा कपाळावर. याचे बाड त्यांनी पायाशी वाकून उचलले. उभ्या पंख्याच्या डुगडुगत्या पायाखाली ते तीन वर्षे बसले होते, आणि पंखा, खरे सांगायचे तर, त्या काळात एकदाही डुगडुगला नव्हता. कार्यालय झाडायला आलेल्या बाईने बाड काढले, पंखा कलंडला, आणि महाराजांनी ते हाती आले म्हणून वाचले. साहित्यात उचलले जाण्याचे मार्ग असे असतात.

“वाघ आहे?” महाराजांनी विचारले.

“नाही.”

“बिबट्या?”

“नाही.”

“निदान चावणारा साप तरी?”

“साप आहे. पण चावत नाही. ऐंशीव्या पानावर येतो, ऊन खातो आणि जातो.”

“जातो!” महाराजांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “मग आहे काय?”

“खोकड आहे.”

“अहो, लोकांना मोठं काहीतरी लागतं. तुम्ही सगळ्यात धाकटं हुडकून आणलंत.” त्यांनी पाने चाळली. “तरी चालेल. बहीण चांगली आहे. धनगर रडतो तेही चांगलं. मी घेतो पुस्तक. पण हे अकरावं प्रकरण काढा. एकवीस पानं आणि माणूस एकही नाही! नुसती खोकड बिळातून येते, पिलांना पाजते, आणि तुम्ही मापं देता. तिसऱ्या पुलापासून इतकं, बोरीपासून तितकं. हे काय, कादंबरी आहे की मोजणीपत्रक?”

मोजणीदाराच्या लेखी अकरावे प्रकरण हा त्या कादंबरीचा प्राण होता. त्या एकवीस पानांसाठी तो सहा वसंत एका मुरमाच्या उंचवट्याआड पालथा पडला होता. कोपरांना घट्टे, मानेवर मुंग्या, आणि समोर, दर वसंताला त्याच बिळापाशी, ती माउली ऊन अंगावर घेत, तीन पिलांना पोटाशी धरत, कान मात्र चहूकडे फिरवत बसलेली. तिला तो दिसत असे. ती त्याला पाही आणि काणाडोळा करी. एवढ्या मोठ्या जगात एका रानटी जिवाने आपल्याकडे काणाडोळा करावा, याहून मोठा पुरस्कार त्याला ठाऊक नव्हता.

त्याने आठवडाभर मुदत मागितली. आणि त्याच आठवड्यात घोटाळा झाला.

महाराजांना डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी रोज सकाळी चालायचा हुकूम केलेला. चालायचे कुठे, हा प्रश्न. वाचलेले बाड टेबलावर होतेच; त्यांनी अकरावे प्रकरण काढून बगलेत मारले आणि गंमत म्हणून गाडी कालव्यावर नेली. तिसऱ्या पुलापासून बांधाने पूर्वेला तीनशे चाळीस मीटर. तिथून आग्नेयेला एकशे बारा मीटर, एकटी बोर. बोरीपासून सरळ उत्तरेला सत्तावीस. पावले मोजत, धापा टाकत, प्रकरणाची पाने उलटत महाराज गेले, आणि सत्ताविसाव्या मीटरला पाहतात तो समोर बीळ, बिळाच्या तोंडाशी तीन पिले, आणि पिलांच्या मागे उभी राहिलेली ती.

कचेरीत फोन वाजला.

“लेखक!” महाराज ओरडले. त्यांनी याला या नावाने कधीच हाक मारली नव्हती. “दिसली! साक्षात! तीन पिलं! त्यांतलं एक माझ्या बुटाकडे बघत होतं हो!”

मोजणीदाराने फोन घट्ट धरला. “फरक किती पडला?”

“कसला फरक?”

“मापात.”

“काही नाही. फार तर दोन पावलं.”

“उजवीकडे की डावीकडे?”

कबूल करायला हवे, की सज्जन माणसाच्या मनातही आधी अहंकारच येतो. गुडघ्यांनी अधू, दिशांना अनोळखी, जन्मभर खुर्चीत बसलेला माणूस केवळ आपल्या आकड्यांचे बोट धरून दोन पावलांच्या फरकाने पोचला, या आनंदात आपला मोजणीदार चांगली पाच मिनिटे तरंगला. सहाव्या मिनिटाला त्याला कळले, की जो आकडा या माणसाला नेतो तो कोणालाही नेईल.

तोवर महाराज पुढे गेले होते. “अकरावं प्रकरण ठेवायचं! नुसतं ठेवायचं नाही, मुखपृष्ठाच्या आत दोन पानभर नकाशा द्यायचा, लेखकाच्या हातचा. दर रविवारी वाचकांची सहल. हातात पुस्तक, समोर खोकड! असं पुस्तक आजवर कोणी काढलंय का, सांगा.”

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच तो माळावर गेला. बीळ रिकामे होते. तोंडाशी महाराजांच्या बुटांचे रुंद ठसे. शेजारी अर्धा पुडा बिस्किटे, भक्तिभावाने उलगडून ठेवलेला. त्यावर मुंग्यांची पंगत बसली होती. खोकड माणसाचा वास सहन करत नाही. बीळ सापडले, की ती पिलांची मानगूट दातांत धरून एकेक करून हलवते आणि मागे वळून पाहत नाही. सहा वसंत जिने त्याच्याकडे काणाडोळा केला, ती त्याच्याच अकराव्या प्रकरणातल्या सतरा आकड्यांमुळे घर सोडून गेली होती.

तो आठवडाभर रोज गेला. लांबून, वाऱ्याच्या खालच्या अंगाने. पाचव्या दिवशी ओढ्यापलीकडच्या बाभळीत नर तोंडात उंदीर धरून शिरताना दिसला. नवे घर तिथे होते. जुन्या घरापासून किती लांब, ते त्याने मोजले नाही. आयुष्यात प्रथमच फीत कमरेलाच राहिली.

महाराजांना त्याने सांगितले, “ती हलली. नकाशा नको.”

“हलली? मग नवी जागा मोजा! तुम्हाला मोजायला सांगावं लागतं का?” आणि मग आवाज खाली आणून, सज्जनहो, जो आवाज प्रकाशकांना फार जपून वापरावा लागतो त्या आवाजात ते म्हणाले, “हे बघा, नकाशा आहे म्हणून या पुस्तकात जीव आहे. नकाशा नसेल तर मला पुन्हा विचार करावा लागेल. आणि मी विचार सावकाश करतो, हे तुम्हाला माहीतच आहे.”

पंख्याचा पाय पुन्हा रिकामाच होता.

त्या दुपारी तो रजा टाकून घरी आला आणि पुढच्या खोलीत कापडाच्या गाठोड्यावर बसला. “मी पुस्तक मागे घेतो,” तो म्हणाला.

यंत्र थांबले. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. चारही खोचून होईस्तोवर त्याने वाट पाहिली, कारण ही लांब बोलण्याची खूण त्याला माहीत होती.

“चोवीस वर्षं तुमची कुसळं कोणी वेचली?”

“तू.”

“छत्तीस वेळा ती ‘साभार’वाली पाकिटं पोस्टमनकडून कोणी घेतली? शेजारणींच्या देखत?”

“तूच.”

“मग मागे घेताना मला विचारायची रीत आहे की नाही? का हद्द तुमच्या एकट्याचीच आहे?”

“अगं, पण ते आकडे छापले तर दर रविवारी तिच्या दारात गर्दी होईल. आज बिस्किटं, उद्या कॅमेरे, परवा कुत्री. ती किती वेळा पिलं हलवेल? हलवताना एखादं पिलू पडलं तर?”

“मग खरे आकडे छापू नका.”

“म्हणजे?”

“म्हणजे खोटे छापा.”

तो तिच्याकडे असा पाहू लागला, की जणू तिने त्याला शेजाऱ्याचे घर पेटवायला सांगितले. “खोटा आकडा? माझा हात धजायचा नाही. नोकरीच्या पहिल्या सालची मोजणी मी अजून तोंडपाठ सांगतो. मी आजवर—”

“तुम्ही कादंबरीच लिहिलीत ना हो?” तिने विचारले. “का अहवाल लिहिलात? लोक कादंबरी कशासाठी घेतात? त्यात एक तरी गोष्ट मनाची असू दे की!”

तिने मापांची वही काढली. “हे बघा. बायका मापाला येतात. मी फीत लावते, चौतीस भरतं. बाई म्हणते, ‘बत्तीस लिहा हं.’ मी काय करते?”

“चौतीस लिहितेस.”

“चुलीत गेलं तुमचं चौतीस! वहीत बत्तीस लिहिते, तिच्या समोर, ठसठशीत. आणि कापताना चौतीसनं कापते. बाई खूश, कपडा अंगावर बसतो, आणि गावात माझ्या हाताला नाव आहे. वहीतलं माप मनासाठी असतं आणि कात्रीतलं देहासाठी. तुमच्या खोकडीचं माप कात्रीत ठेवा. वाचकांना वहीतलं द्या.”

सज्जनहो, ग्रंथ वाचून न मिळालेले ज्ञान त्याला कापडाच्या गाठोड्यावर मिळाले. तो उठला, अकराव्या प्रकरणाची घरची प्रत काढली, पेन्सिल टोकदार केली, आणि पहिल्या आकड्यापाशी घामाघूम झाला. ‘आग्नेयेस एकशे बारा’ खोडायचे आणि ‘वायव्येस शहाण्णव’ लिहायचे, एवढेच काम. तो दोनदा पाणी प्यायला. एकदा उठून दाराला कडी लावली, जणू भूमापन खाते पाळतीवर होते. मग डोळे मिटून लिहिले. डोळे उघडले, छत डोक्यावर पडले नव्हते.

पण खोटे बोलणे सोपे असते, खोटे मोजणे अवघड. मोजणीच्या विद्येत एक कसोटी आहे: आकड्यांनी तुम्हाला चारी दिशा हिंडवून, जिथून निघालात तिथेच परत आणून सोडले पाहिजे. एका कोपऱ्यात थाप मारली, की उरलेले कोपरे बोंब ठोकतात. प्रकरणात आकडे सतरा. एक बदलला की सोळा बदलायचे, आणि ते सगळे एकमेकांशी इमानी राहायचे. खरी मोजणी त्याने सहा वसंतांत सहज केली होती. या खोट्या मोजणीने त्याला तीन दिवस रडवले. तिसऱ्या दिवशी आकृती जुळली. एका सेंटिमीटरचाही फरक नव्हता. इतका निर्दोष, इतका देखणा, इतका आदर्श नकाशा त्या कचेरीतून कधी बाहेर पडला नव्हता, आणि त्यातली एकही रेघ खरी नव्हती.

नकाशा नेत होता कालव्याच्या उलट्या बाजूला, एका उघड्याबोडक्या मातीच्या टेकाडाकडे. जागा त्याने विचार करून निवडली होती: खड्डा नाही, विंचू नाही, म्हाताऱ्या वाचकालाही चढता येईल असा उतार. तिथे मुंग्यांखेरीज कोणी राहत नव्हते.

पुस्तक निघाले. प्रकाशन सोहळ्यात चार वक्त्यांनी भाषणे केली. दोघांनी पुस्तक वाचले होते, आणि त्या दोघांनी थोडक्यात आटोपले. मग पहिला रविवार उजाडला. बावीस वाचक, बावीस प्रती, पुढे महाराज, मागे गुन्हेगारासारखा लेखक, आणि मधे मेहुणा, मेहुण्याच्या गळ्यात मागून आणलेली दुर्बीण.

बावीस जण पावले मोजत निघाले. कोणी मोठ्याने, कोणी मनात, कोणी शेजाऱ्याची चूक काढत. शहाण्णव मीटरला खरेच एकटे झाड होते, तेव्हा सगळ्यांच्या तोंडून ‘अहाहा’ निघाले. पुढे एकतीस मीटर, की टेकाड. महाराजांनी ओठांवर बोट ठेवले. बावीस प्रती बंद झाल्या, बावीस जीव पालथे पडले.

अर्धा तास गेला. माती होती, मुंग्या होत्या, ऊन होते.

मोजणीदाराच्या कपाळावरून घाम ओघळला. आता कोणी उठेल, आता कोणी म्हणेल, ‘इथं काहीच नाही.’ चोवीस वर्षांचे लेखकपण आणि सव्वीस वर्षांची नोकरी एकाच टेकाडावर बुडेल.

“ती बघा!” मेहुणा कुजबुजला. “शेपूट! काळं टोक!”

“कुठे?”

“तिथे! गेली!”

“हो हो, मलाही वाटलं,” एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“वाटलं काय, मी डोळे पाहिले,” मागून बँकेतले निवृत्त अधिकारी म्हणाले. “पिवळे होते. पृष्ठ एकशे सदतीसवर लिहिलंय तस्से.”

आणि मग काय विचारता! ज्याला त्याला दिसू लागली. एकाला कान दिसले, एकीला पिलू दिसले, एकाला तर नर-मादी दोघे जोडीने दिसले. महाराजांचे डोळे भरून आले. त्यांनी खरी खोकड दोन पावलांवरून पाहिलेली. पण या खेपेची त्यांना अधिक तेजस्वी वाटली.

“तुम्हाला दिसली ना?” त्यांनी लेखकाला विचारले.

मोजणीदाराने आजवर खोटी साक्ष दिली नव्हती. “नाही,” तो म्हणाला. “मला काही दिसलं नाही.”

महाराजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात अपार करुणा होती. “भाव लागतो हो, भाव! नुसत्या मोजण्यानं नाही दिसत ती.”

सहली चालू राहिल्या. दुसरी आवृत्ती निघाली. तिच्या मलपृष्ठावर खोकड पाहिलेल्या वाचकांची पत्रे छापली. मेहुणा आता दर महिन्याला येतो तो ‘दाजी, पुस्तक कुठवर आलं’ विचारायला नव्हे, तर आपण पहिल्यांदा पाहिलेली शेपटी नव्या पाहुण्यांना वर्णन करून सांगायला. आणि दर वेळी शेपटी बोटभर वाढते. मोजणीदार एकेकाळी असल्या वाढीवर तुटून पडला असता. आता तो पाहुण्यांना चहा देतो.

एकच गोष्ट तुटली. ओढ्यापलीकडे त्याला जाता येईना. त्याचे छायाचित्र पुस्तकावर छापलेले. कालव्यावर उभा राहिला तरी लोक ओळखत, आणि ओळखून मागे येत. ज्याने तिला सगळ्यांपासून लपवले, त्याला तिच्याकडे जाण्याची वाट त्या लपवण्यातच बुजवावी लागली. पुढचा वसंत आला आणि सरला. नवी पिले बिळाबाहेर खेळली असतील, भांडली असतील, पहिला उंदीर धरून फुशारली असतील. त्याने काहीच पाहिले नाही.

एका रविवारी सहलीहून तो दुपारी परतला. बायको कापड कापत होती.

“ओढ्यापलीकडे एकदा तरी जाऊन आलात?” तिने वर न बघता विचारले.

“नाही.”

“वाटत नाही?”

“रोज वाटतं. आज सगळे गेल्यावर पुलावर थांबलो. म्हटलं, पाच मिनिटं जाऊन येऊ, लांबूनच. पाऊल टाकलं, तर मागे दोघं उभे. पुस्तक उघडून. ‘सर, तुम्ही तिकडे काय बघताय?’ म्हणाले.”

कात्री थांबली. “मग? काय सांगितलंत?”

“म्हटलं, माझ्या सासऱ्यांची जमीन आहे तिकडे. वाटणीचं भांडण चालू आहे. बावीस वर्षं. मोठा कुत्रा पाळलाय त्यांनी, लेखकांवर सोडतात.”

“माझ्या बापाची जमीन?” तिच्या बापाकडे जन्मात एक कुंडी नव्हती. “आणि पटलं त्यांना?”

“पटलं म्हणजे काय! एकानं कुत्र्याचं नाव विचारलं.”

“सांगितलंत?”

“सांगितलं,” तो म्हणाला, आणि ओशाळून, पण थोडा फुलूनही, खाली बसला.

ती कात्री खाली ठेवून त्याच्याकडे वळली. मग हसू लागली. आधी टाचण्या सांभाळत, नंतर टाचण्या उशीत खोचून मोकळी. हसता हसता तिने पायाशी पडलेल्या चिंध्यांतून एक कोरा कागद ओढला, वरची धूळ झटकली आणि त्याच्यापुढे सरकवला.

“लिहा आता,” ती म्हणाली. “आणि कुत्र्यापासून सुरुवात करा.”